नवा कॉम्प्युटर, जुनं बिऱ्हाड

गणपती जवळ आले की आमच्याकडे दोन गोष्टी वाढतात, एक एसटीची गर्दी आणि दुसरी म्हणजे "मुंबईहून मुलगा नवीन कॉम्प्युटर घेऊन येतोय, जुन्यातलं सगळं नव्यात कसं घालू" अशी पत्रं. ह्या वेळी इतकी आलीत की प्रिंटर, वायफाय, मोबाइल सगळं बाजूला ठेवलं आणि अख्खा सवाल-जवाब ह्यालाच दिला. नावं छापत नाही, फक्त गाव छापतो. मागे एकांचं नाव छापलं तर अख्ख्या वाडीला कळलं की त्यांचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला आहे, आणि त्यांचं म्हणणं की आता कॅलेंडर बदलायला लागणार!

प्रश्न (गुहागर तालुका) : मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. २०११ साली घेतलेला कॉम्प्युटर आहे, विंडोज सात, ५०० जीबीची डिस्क. त्यात फोटो, नातवंडांचे व्हिडिओ आणि गावच्या देवस्थानाचे सगळे हिशोब. मुलगा चतुर्थीला विंडोज अकरावाला नवीन आणतोय. इथला एक दुकानदार म्हणतो डिस्क काढून द्या, तासाभरात सगळं टाकून देतो, जुनी डिस्क आम्ही ठेवून घेऊ. द्यावी का? की घरी जमेल? वय ६९.

उत्तर : गुरुजी, डिस्क द्यायची नाही. दुकानदार वाईट आहे असं नाही म्हणत मी, पण नवीन घर बांधलं म्हणून पहिल्याच रात्री जुन्या घराची कौलं उतरवतं का कोणी? जुना कॉम्प्युटर जसा आहे तसा, चालू अवस्थेत, पुढच्या गणपतीपर्यंत घरात राहू दे. आणि घरी जमेल, नक्की जमेल, घाई तेवढी करू नका.

आधी जागा. खिडकीखाली नको, पावसाची झड येते, आणि ओल धरणाऱ्या भिंतीला चिकटवून पण नको, वीतभर अंतर ठेवा. आपल्या इथली खारी हवा आणि दमट पावसाळा ह्यांनी कॉम्प्युटरचे जितके कॉन्टॅक्ट गंजतात तितके व्हायरसने पण कॉम्प्युटर मरत नाहीत. मागे पाल शिरणार नाही असं बघा, हे हसण्यावारी नेऊ नका, मी स्वतः एका कॅबिनेटच्या पॉवर सप्लायमधून वाळलेली पाल काढलेली आहे, तिच्यामुळेच शॉर्ट झालेलं. यूपीएस घ्याच, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, जांभ्यावर घर असेल तर बऱ्याचदा अर्थिंग नावापुरतंच असतं, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात ते त्याच्यामुळे.

जुना मॉनिटर वापरणार असाल तर आधी त्याचं टोक बघून घ्या. निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए असेल आणि नव्या कॉम्प्युटरला नुसतं एचडीएमआय असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो, एचडीएमआयमधून व्हीजीएत बदलणारा, तसंच सांगून मागा, कारण उलट्या दिशेचा पण मिळतो आणि तो चालत नाही. मुलाला मुंबईतनंच आणायला सांगा, चतुर्थीच्या आदल्या दिवशी शृंगारतळीला शोधत फिरायला नको.

आता चालू करायचं. विंडोज अकराची होम आवृत्ती पहिल्यांदा चालू होताना इंटरनेट मागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते. इथे बरेच जण मुलाचं खातं टाकून मोकळे होतात आणि मुलगा गेला की ओटीपी त्याच्या फोनवर! गुरुजी, तुमचं स्वतःचं खातं, तुमचा स्वतःचा मोबाइल नंबर. अजून एक गंमत म्हणजे तुमच्या नावाचा जो फोल्डर तयार होतो त्याला ईमेलची पहिली पाचच अक्षरं लागतात, त्यामुळे फोल्डरला विचित्र अर्धवट नाव दिसलं तर घाबरू नका, तो तुमचाच.

मग एक काम जे दुकानदार कधीच सांगत नाहीत. नवीन विंडोज अकरा कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते, बिटलॉकर म्हणतात त्याला. एरवी कळत पण नाही. पण उद्या मदरबोर्ड बदलला किंवा काही बिघडलं की तो ४८ आकडी किल्ली मागतो आणि ती नसली तर तुमचेच फोटो तुम्हालाच दिसत नाहीत, आणि तिथे मी काय कोणीच काही करू शकत नाही. ही किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते. पहिल्याच आठवड्यात ती बघून वहीत उतरवा, दोनदा ताडून बघा, आणि वही देवस्थानाच्या हिशोबाच्या कपाटात ठेवा. कॅलेंडरच्या मागे नको.

त्यानंतर अपडेट होऊ द्या, काही जीबी डेटा खातात, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाचा डेटा दुपारीच संपेल. शेजारी फायबर असेल त्यांच्याकडे कॅबिनेट घेऊन जा सरळ, चहा पण होईल.

आता सामान हलवायचं. जुना चालू आहे म्हणून सगळ्यात सोपं ते सांगतो, एक टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या, जुन्यातनं तिच्यात कॉपी, तिच्यातनं नव्यात कॉपी. मधली डिस्क वाया जात नाही, तीच पुढे तुमची बॅकअप होते. दोन कॉम्प्युटर केबलने जोडून पण होतं पण विंडोज सात आणि अकरा एकमेकांशी परवानग्यांवरून भांडत बसतात, त्या फंदात पडू नका.

काय काय घ्यायचं? सी ड्राइव्हमध्ये युझर्स नावाचा फोल्डर, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, तो पूर्ण. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, डाउनलोड्स सगळं येतं. डेस्कटॉप विसरणारे भरपूर आहेत, त्यांना वाटतं समोर दिसतंय म्हणजे ते कॉम्प्युटरवर "वरवर" आहे, तर तसं नाही, तो पण सी ड्राइव्हच्या आतला एक फोल्डरच आहे. मग डी आणि ई ड्राइव्ह असतील ते पूर्ण. मग सी ड्राइव्ह उघडल्या उघडल्या जे सुटे फोल्डर दिसतात त्यात तुमच्या हाताने केलेले कुठले आहेत ते बघा, देवस्थानाचे हिशोब बहुतेक तिथेच सापडतील, जुने ऑपरेटर तिथेच करून ठेवायचे. ब्राउझरचे बुकमार्क. आणि फॉन्ट, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय, ते तुम्ही पण वाचा. प्रोग्राम फाइल्स नावाचा फोल्डर मात्र घेऊ नका, सॉफ्टवेअर असं उचलून नेता येत नाही, ते नव्यात नव्याने टाकावं लागतं.

आणि नेताना निवडत बसू नका! हा फोटो हवा, तो नको, हे डबल आहे, असं करत बसलात तर पुढच्या शिमग्यापर्यंत तेच चालेल. नव्यामध्ये "जुना कॉम्प्युटर" नावाचा एक फोल्डर करा आणि सगळं जसंच्या तसं त्यात ओता. निवडानिवड नंतर, पावसाळी दुपारी.

वेळ किती लागेल, तर तुमच्या २०११च्या कॉम्प्युटरला बहुतेक यूएसबी २.० असेल, तो सेकंदाला साधारण ३० एमबी देतो, म्हणजे ३०० जीबी माल असेल तर पावणेतीन तास, आणि बारीक बारीक फाइली हजारोंनी असतील तर त्याहून जास्त. नव्यात उतरवताना निळं टोक असलेल्या यूएसबी ३.०मध्ये लावा, तिथे हेच काम तासाभरात होईल. त्यामुळे तासाभरात सगळं टाकून देतो म्हणणाऱ्याला विचारा तरी की कसं.

सगळ्यात महत्त्वाचं, कॉपी करायचं, कट नाही. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाचे फोटो मी शहाणपणा करून कट-पेस्ट केले होते, जागा मोकळी होईल म्हणून, आणि मध्येच लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. लाइट आल्यावर बघतो तर हळदीचे फोटो इकडे, वरातीचे तिकडे, आणि मुहूर्ताचे कुठेच नाहीत. वहिनी अजून ऐकवतात. कॉपीमध्ये लाइट गेली तर फार तर पुन्हा करावं लागतं.

झालं की जुन्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, त्यात किती फाइली ते येतं, नव्यावर पण तसंच, आकडे जुळवा. देवस्थानाचा हिशोब जुळवता तसं. मग दहा-बारा फाइली सहज कुठूनही उघडून बघा, नुसतं नाव दिसतंय म्हणजे आत माल आहे असं नसतं. फोटोंच्या तारखा बदलल्या म्हणून ओरडू नका, कॉपी केल्यावर "क्रिएटेड" तारीख आजची दिसते, "मॉडिफाइड" जुनीच राहते, आणि कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली तारीख तर हलतच नाही.

प्रश्न (मालवण) : दादानू, माझ्या झिलान नवीन कॉम्प्युटर धाडल्यान, सगळा कॉपी पण करून दिल्यान, पण मराठी फाइली उघडल्यो काय नुसती इंग्रजी अक्षरा आणि चिन्हा दिसतत. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, मंडळाचे अहवाल, वीस वर्षांचा काम आसा. सगळा गेला काय?

उत्तर : ताई, काय्येक गेला नाय. पाणी प्या आणि वाचा. (पुढचं माझ्या मराठीत लिहितो, तुमच्याइतकी गोड मालवणी मला येत नाही.)

ह्या महिन्यात हाच प्रश्न सगळ्यात जास्त आलाय आणि हा प्रश्न फक्त आपल्यासारख्यांनाच पडतो, इंग्रजीत काम करणाऱ्यांना ह्याचा पत्ताच नसतो. झालंय असं की युनिकोड, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवायची आजची पद्धत, रुळायच्या आधी मराठी टाइप करायला जे फॉन्ट होते, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, सी-डॅकच्या आयएसएमचे सुरेख वगैरे, ते सगळे एक युक्ती करायचे. कॉम्प्युटर आतून इंग्रजी अक्षरच लिहायचा, फॉन्ट फक्त त्या अक्षराला देवनागरी मुखवटा चढवायचा. कृतिदेवमध्ये तुम्ही "क" बघता ना, फाइलच्या आत तो इंग्रजी छोटा डी आहे. दशावतारात नटाने मुकुट काढला की कसा आपला शेजारचा बाबल्या दिसतो, तसं झालंय तुमच्या फाइलींचं. मुकुट जुन्या कॉम्प्युटरवर राहिला.

तर आधी तो मुकुट आणायचा. जुन्या कॉम्प्युटरवर कंट्रोल पॅनेलमध्ये फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे, त्यातले मराठी फॉन्ट पेनड्राइव्हवर कॉपी करा, कुठले ते ओळखता येत नसेल तर जुनी फाइल उघडून वर फॉन्टचं नाव वाचा. नव्यावर फॉन्टच्या फाइलीवर राइट क्लिक करून इन्स्टॉल. बहुतेक फाइली तिथल्या तिथे वाचता येऊ लागतील. ज्यांनी श्रीलिपी किंवा आयएसएम विकत घेतलेलं असेल त्यांच्याकडे एक डोंगल असायचा, कॉम्प्युटरच्या मागे लावायचं बोटभर कुलूप, तो कुठे आहे ते शोधून ठेवा, टाइप करायचं सॉफ्टवेअर त्याच्याशिवाय चालणार नाही. जुना डोंगल प्रिंटरच्या रुंद पोर्टात लागणारा असेल तर नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं, मग कंपनीशी बोलावं लागेल.

पेजमेकर, म्हणजे छपाईची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर, त्यात केलेल्या पत्रिका हे वेगळं दुखणं आहे. पेजमेकरची सातवी आवृत्ती शेवटची, त्यानंतर ते बंदच झालं. म्हणून जुना कॉम्प्युटर चालतोय तोवर, म्हणजे आजच, त्यातल्या महत्त्वाच्या पत्रिकांची पीडीएफ करून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवता येतो, ती सेटिंग चालू आहे ना ते बघून घ्या, मग ती कुठेही उघडा, तशीच दिसते. बदल करता येणार नाही, पण आजोबांच्या वेळची पत्रिका बदलायची कशाला आहे.

आणि हळूहळू युनिकोडवर या. मंडळाचे अहवाल जे पुन्हा लागणार आहेत तेवढेच बदला, सगळं नको. फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, एका बाजूला जुना मजकूर टाकायचा, दुसऱ्या बाजूने युनिकोड येतो. पण आंधळा विश्वास नको, रफार उडी मारून भलत्या अक्षरावर बसतो, पोटफोड्या ष आणि श गडबडतात, आणि "दुसऱ्या", "खोऱ्या" ह्यातला र तर हमखास मोडतो. माणसांची नावं आणि आकडे स्वतः वाचून बघा, मूळ फाइल ठेवाच. मी एकदा एका वाडीच्या अहवालात "वर्गणी" न वाचताच पाठवून दिलं, तिचा रफार भलतीकडेच बसला होता, सभेत वाचून दाखवलं तेव्हा कळलं.

टायपिंगसाठी वेगळं काही विकत घेऊ नका. विंडोज अकरात सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठी जोडली की इनस्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड मिळतो आणि फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा, तो पण मिळतो, निर्मला हा फॉन्ट विंडोजबरोबरच येतो आणि मराठी जोडली की मंगल पण येतो. ज्यांचा हात टाइपरायटरच्या लेआउटवर बसलाय त्यांना पहिले पंधरा दिवस शिव्या सुचतील. मला तर अजून सुचतात.

प्रश्न (देवगड) : आंब्याचा धंदा आहे. टॅली जुन्या कॉम्प्युटरवर आहे, सगळ्या पार्ट्यांचे खाते, पेट्यांचा हिशोब त्यात. नव्यावर टॅलीचा आयकॉन कॉपी केला पण उघडत नाही.

उत्तर : भाऊ, आयकॉन म्हणजे दारावरची पाटी, पाटी उचलून नेली म्हणून घर येत नाही मागोमाग.

टॅलीचे दोन भाग धरा, एक सॉफ्टवेअर आणि एक डेटा. सॉफ्टवेअर नव्यावर नव्याने टाकायचं. त्याआधी जुन्या कॉम्प्युटरवर टॅली उघडून लायसन सरेंडर करायचं, कारण एका माणसाचं लायसन एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर चालतं, आधी तिथून सोडवलं की इथे ॲक्टिव्हेट होतं. जुना बंद पडायच्या आधी हे केलंत तर पाच मिनिटांचं काम आहे. डेटा म्हणजे टॅलीच्या फोल्डरमधला डेटा नावाचा फोल्डर, त्यात पाच आकडी नावांचे फोल्डर असतात, प्रत्येक म्हणजे एक कंपनी. टॅलीतलाच बॅकअप पण घ्या आणि हा फोल्डर नुसता पण कॉपी करून ठेवा, दोन्ही. नवीन टॅलीने जुना डेटा एकदा नव्या रूपात बदलून घेतला की तो जुन्या टॅलीत परत उघडत नाही, म्हणून कॉपी हवीच.

नव्यावर उघडल्यावर ताळेबंद आणि दोन-चार मोठ्या पार्ट्यांची बाकी जुन्याशी ताडून बघा, वाशीच्या मार्केटवाल्यांची आधी. आणि हे सगळं मार्च ते मे मध्ये करायचं नाही! पत्र जुलैत पाठवलंत हे बरं केलंत, मागच्या वर्षी एकांनी ऐन हंगामात गाडी भरत असताना फोन केला होता.

प्रश्न (चिपळूण) : २२ जुलै २०२१च्या पुरात दुकानातला कॉम्प्युटर पाण्याखाली गेला होता. हार्डडिस्क काढून पुसून कपाटात ठेवलीय. आता नवीन कॉम्प्युटर घेतलाय, त्याला जोडून बघू का?

उत्तर : नको. हात जोडून सांगतो, एकदा पण नको, नुसतं बघायला पण नको.

हार्डडिस्क पूर्ण हवाबंद असते असा समज आहे, पण साध्या डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्याच्या बाजूला लिहिलेलं पण असतं की हे झाकू नका. वाशिष्ठीचं गाळाचं पाणी तिथून आत गेलेलं असू शकतं. आत तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारते आणि वाचणारं डोकं तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, त्या फटीपुढे वाळलेल्या चिखलाचा कण म्हणजे रस्त्यात पडलेली दरड. करंट दिलात की पहिल्याच मिनिटात तबकडीवर ओरखडे, आणि मग काहीच निघत नाही. अजून करंट दिलेला नाहीये हीच तुमची जमेची बाजू आहे.

पुण्या-मुंबईत डेटा काढून देणाऱ्या लॅब आहेत, क्लीनरूम, म्हणजे धूळ नसलेली खोली असलेली बघा, आणि आधी विचारून घ्या की नाही निघालं तर पैसे किती. खर्च बराच येतो. म्हणून आधी घरी बसून ठरवा की त्यात असं काय आहे, जीएसटीचे आकडे पोर्टलवर असतात, बँकेचे बँकेत, मग उरतात बहुतेक फोटो. फोटो नातेवाइकांच्या फोनमध्ये, व्हॉट्सॲपमध्ये किती सापडतात ते आधी गोळा करा. एकांना असंच गोळा करताना निम्मे मिळाले. आणि वाचणाऱ्या बाकीच्यांना, डिस्क भिजली तर ती तांदळात घालायची नाही, ड्रायर मारायचा नाही, उन्हात ठेवायची नाही. पिशवीत घालून लवकर लॅबला.

नवीन कॉम्प्युटर दुकानात जमिनीवर ठेवू नका आता, आणि बॅकअपची डिस्क वरच्या मजल्यावर किंवा नदीपासून लांब कोणाकडे तरी.

प्रश्न (वेंगुर्ला) : दशावताराचं शूटिंग, एकच फाइल सात जीबी. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा आहे तरी कॉपी होत नाही, फाइल मोठी आहे म्हणतो.

उत्तर : पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला आहे, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर मावतच नाही, पेनड्राइव्ह कितीही मोठा असो. त्यातलं असेल नसेल ते बाहेर काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. झालं. जुन्या टीव्हीला लावायचा असेल तर मात्र आधी बघा, काही टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत.

प्रश्न (दापोली) : सगळं गुगल ड्राइव्हवर टाकून नव्यावर उतरवलं तर डिस्क वगैरे भानगड कशाला?

उत्तर : ताई, फुकटात गुगल १५ जीबी देतं, त्यात जीमेल आणि फोटो पण आले, मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह ५ जीबी. तुम्ही २०० जीबी लिहिलंय. जागा विकत घेतलीत आणि अपलोडचा स्पीड १० एमबीपीएस पूर्ण मिळाला तरी नुसतं चढवायला ४४ तास, आणि दापोलीत भर पावसात ४४ तास सलग नेट आणि लाइट दोन्ही! जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर किती दिवस काळोखात होतात ते तुम्हीच आठवा. डिस्कने न्या, आणि अगदी जीवापाडची कागदपत्रं, सातबारा, मुलांचे दाखले, ती मात्र क्लाउडवर पण ठेवा, त्याला १५ जीबी रगड.

एक सांगायचं राहिलं, नव्या विंडोजमध्ये तुमचा डेस्कटॉप कधीकधी न विचारता वनड्राइव्हला जोडला जातो आणि २०० जीबी तिथे ओतलंत की लगेच "जागा संपली" ओरडायला लागतो. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप बंद करा, पण बंद केल्यावर फाइली कुठल्या फोल्डरमध्ये राहिल्या ते बघून मगच पुढे जा.

प्रश्न (राजापूर) : पेनड्राइव्हने फाइली आणल्या तर सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. आणि विजा चमकताना कॉम्प्युटर चालू ठेवला तर चालतो का, स्पाइकगार्ड लावलेला आहे.

उत्तर : पहिल्याचं उत्तर, तो पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आलेला असणार. फाइली गेलेल्या नसतात, व्हायरस त्यांना लपवतो आणि त्यांच्या जागी खोटे शॉर्टकट ठेवतो. शॉर्टकटवर क्लिक करू नका. विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडरने पेनड्राइव्ह स्कॅन करा, मग फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन लपलेल्या फाइली दाखवा म्हणायचं, त्या बहुतेक तिथेच असतात, कधीकधी बिननावाच्या एका फोल्डरमध्ये. दुकानदाराने गळ्यात मारलेला वेगळा अँटिव्हायरस माझ्या मते घरच्या कॉम्प्युटरला लागत नाही.

दुसऱ्याचं, नाही चालत. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जवळ पडतात, स्पाइकगार्ड तेवढा झटका अडवू शकत नाही. प्लग भिंतीतनं उपटायचा, नुसतं बटण बंद नाही, आणि नेटची तांब्याची वायर पण काढायची. फायबरची काच करंट आणत नाही पण राउटरचा अडॅप्टर आणतो.

प्रश्न (श्रीवर्धन) : विंडोज दहावाला कॉम्प्युटर आठ-नऊ वर्षांचा आहे, चांगला चालतो. अपडेट बंद झाले म्हणतात, त्यालाच अकरा करू का?

उत्तर : विंडोज दहाचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला हे खरं. अकराला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, तुमचा आठ-नऊ वर्षांचा म्हणजे अगदी कुंपणावर आहे. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवा, तो हो की नाही सांगतो. नाही म्हणाला तर कोणाच्या तरी जुगाडाने अकरा घुसवू नका. बँकेची कामं त्यावर करणं थांबवा, बाकी त्याच्यावर पत्ते खेळा, विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून बघायची हौस असेल तर ते पण टाका.

प्रश्न (रत्नागिरी) : सगळं नव्यावर आलं, वर्ष झालं, सगळं नीट चालतंय. आता जुनी कॅबिनेट भंगारवाल्याला देऊ ना?

उत्तर : द्या, पण डिस्क काढून. नुसतं डिलीट करून किंवा पटकन फॉरमॅट मारून माल जात नाही, तो परत काढता येतो, तुमचं पॅन, आधार, बँकेचं स्टेटमेंट सगळं. विंडोज दहा किंवा अकरा असेल तर रिसेट धिस पीसीमध्ये सगळं काढून टाका आणि ड्राइव्ह साफ करा असा पर्याय आहे, त्याला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. पण लाइटचा भरवसा नसेल तर तसंच करण्यापेक्षा चार स्क्रू काढा, डिस्क घरात ठेवा, सिलिकाच्या पुड्या घालून डब्यात. बाकीची कॅबिनेट त्याला द्या, पालीच्या अंड्यांसकट दिलीत तरी चालेल, तो वजनावरच पैसे देतो.